बिनमार्जिनची बंडी

मास्तर एखाद्या माणसाकडे बघायचे तेव्हा तो आज कसा आहे हे त्यांना फारसं दिसत नसे. तो आणखी पाच-दहा वर्षांनी कसा असेल, ते दिसे. बदलापूरला कात्रपमध्ये त्यांच्या घरावरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा पाणी किती वाजता येतं असं मी विचारलं. उत्तराऐवजी त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. "पोट सुटणार तुम्हाला," ते म्हणाले. "पण खांदे आहेत. शोभेल." मी तेव्हा अगदी काडीपैलवान होतो, मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये नुकताच लागलो होतो. असल्या म्हाताऱ्याच्या घरात राहायचं नाही असं ठरवून मी जिना उतरलो, आणि संध्याकाळी सामान घेऊन परत आलो. त्या भागात तेवढ्या उजेडाची दुसरी खोली नव्हती. पोटाचा अंदाज बरोबर निघाला. शोभतं की नाही ते बायकोला विचारावं लागेल.

मास्तर म्हणजे शिंपी. अंबरनाथ पश्चिमेला त्यांचं दुकान होतं आणि हयातभर त्यांनी फक्त शाळेचे गणवेश शिवले. कुणी लग्नाचा सूट शिवायला आलं तर "तुमची वाढ संपली, आता तुमच्यात काय शिवायचं?" म्हणून परत पाठवत. गणवेशातली खरी गंमत त्यांच्या मते मार्जिनमध्ये होती. पँटच्या पायात, कमरेत, फ्रॉकच्या घेरात जे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात ते. पोर वाढलं की शिवण उसवायची, दुमडलेलं कापड सोडायचं, तोच गणवेश आणखी वर्षभर चालतो. आता मार्जिन सगळेच शिंपी ठेवतात, पण सरसकट ठेवतात. मास्तर पोराला समोर उभं करून त्याची मनगटं बघत, पावलं बघत, सोबतच्या आईबापांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि मग ठरवत. याला दोन बोटं. हिला चार. "हा दिवाळीनंतर वाढणार बघा," म्हणाले की तो दिवाळीनंतर वाढे. निदान मास्तरांची तशी आठवण होती, आणि ती तपासायला कुणी जात नव्हतं.

काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दुकानात मागे बसून काजं-बटणं आणि हातशिलाई करत. बोलणं कमी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायचं, येताना भाजी आणायची, आणि मास्तरांच्या भविष्यांकडे कान न देता आपलं काम करत राहायचं.

मी राहायला गेलो तोवर दुकान बंद झालेलं होतं. मास्तरांच्या डोळ्यांना सुईचं भोक दिसेनासं झालं होतं. तरी गळ्यात टेप असेच. थंडीच्या सकाळी बदलापुरात धुकं उतरतं, समोरचे डोंगर तर सोडाच, पलीकडची बिल्डिंगसुद्धा नाहीशी होते. अशा वेळी मास्तर शाल गुंडाळून ओट्यावर बसत. धुक्यातून शाळेची मुलं एकेक करून बाहेर येत, त्यांच्यासमोरून जात आणि पुन्हा धुक्यात शिरत. मास्तर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पुटपुटत राहत. "ही उंच बाई होणार. हा बापावर जाणार, आडवा. हा... हा अजून ठरवतोय." मी कारखान्यात निघालेला असे, बस चुकायची वेळ झालेली असे, पण त्यांच्याजवळ दोन मिनिटं थांबावंसं वाटे. ते ज्या गावात बसलेले असत ते गाव अजून बांधून व्हायचं होतं, आणि त्यांना मात्र तिथले सगळे लोक तोंडओळखीचे होते.

अंगणात त्यांनी आंब्याचं एक रोप लावलं होतं. माझ्या गुडघ्याला लागेल एवढं. मास्तर दुपारी खुर्ची घेऊन त्या रोपापासून चांगली सात-आठ पावलं लांब, रणरणत्या उन्हात जाऊन बसत. कारण विचारल्यावर म्हणाले, "दुपारची सावली इथे पडणार. सवय झालेली बरी." काकू आतून म्हणाल्या, "सावली पडेल तेव्हा पडेल. आत्ता चक्कर येऊन तुम्ही पडाल." मास्तर खुर्ची घेऊन आत आले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मला काकूंनी एकदा शेंगा सोलता सोलता सांगितलं, आणि पुढे म्हणाल्या, "ह्यांनी एवढी पोरं मापली. पण पोर दहावी झालं की गेलं. पुढे केवढं झालं, अंदाज खरा ठरला की नाही, कोण सांगायला येतंय? एकही पूर्ण वाढलेलं बघितलं नाही ह्यांनी." एवढं बोलून त्या शेंगांची टोपली घेऊन आत गेल्या.

अशा घरात दिवाळीच्या सुमारास इंच्या आला.

उल्हासनगरला मास्तरांचे एक जुने कापडवाले होते. गणवेशाचं कापड मास्तर वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घेत. सिंधी गृहस्थ, मनानं फार मोठे. कापड मोजताना गज संपला की वर चार बोटं सोडायचे आणि मग कात्री लावायचे. त्यांच्या एका नातेवाइकाकडे पिल्लं झाली होती, त्यातलं एक त्यांनी मास्तरांना आणून दिलं. पांढऱ्या लोकरीचा गुंडा, त्यात दोन काळे मणी. "टॉय पॉमेरियन है साईं," ते म्हणाले. "खिलौना ही समझो. इससे ज्यादा बड़ा होता ही नहीं." मास्तरांनी वय विचारलं. "वय? तीन महीना समझो."

मास्तरांनी पिल्लू तळहातावर घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. भविष्य सांगताना येई तो चेहरा वेगळा. हा माणूस पहिल्यांदाच समोर आहे तेवढ्याकडेच बघत होता.

काकू मात्र ओट्यावरून थेट स्वयंपाकघरात. लहानपणी गावाला त्यांना कुत्रं चावलं होतं आणि पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली होती. तेव्हापासून गल्लीत कुत्रं दिसलं तर त्या रस्ता बदलत. मास्तर पिल्लू घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. विनवण्या झाल्या. अखेर काकू आतूनच म्हणाल्या, "माझ्या मांडीत मावेल एवढंच कुत्रं घरात चालेल. मांडीबाहेर गेलं की घराबाहेर. शब्द द्या."

"दिला," मास्तर म्हणाले. "मी माप बघून सांगतो ना. मांडीत मावून वर तुला ताट ठेवायला जागा उरेल."

मास्तर शब्द पाळणारे होते. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गणवेश म्हणजे आदल्या दिवशी, मग घरात सुतक का असेना. त्यामुळे पिल्लाचं राहणं किंवा जाणं आता एकाच गोष्टीवर होतं. ते केवढं वाढतं.

पहिल्या लशीला आम्ही दोघं गेलो. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाई तरुण, कामाला चटपटीत. मास्तरांनी "तीन महिन्यांचं" म्हणून ठणकावून सांगितलं ते तसंच धरलं गेलं. त्या तोंड उघडून बघायला लागल्या तर मास्तर म्हणाले, "नको, नको, घाबरेल ते. आज सुई आहे, तोंड पुढच्या वेळी." मग त्यांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला. केवढं होईल?

"छोट्या ब्रीडचं असेल ना काका, तर तीन महिन्यांना जे वजन असतं त्याच्या साधारण डबल होतं. पण अंदाज हं. आईबाप बघितले असते तर नीट सांगता आलं असतं."

"अंदाज माझ्यावर सोडा," मास्तर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी माझी नेमणूक करून टाकली. मी लॅबमध्ये काम करतो म्हणजे वजन करणं मलाच जमणार. दर रविवारी सकाळी, म्हणजे माझ्या झोपेच्या ऐन भरात, खालून हाक येई, "काटेवाले!" मग मी डोळे चोळत खाली. ओट्यावर स्वयंपाकघरातला काटा, त्यावर परात, परातीत इंच्या. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं, शिंप्याच्या घरात दुसरं काय ठेवणार? इंच्या परातीत स्वस्थ बसत नसे. आकडा वरखाली नाचे, मी ओरडे, मास्तर त्याला शीळ घालून दाखवत, आणि इंच्या कान टवकारून क्षणभर थांबला की मी आकडा वाचे. मग टेप. छाती, पाठ, मान, पुढच्या पायाचा घोटा. शेवटी त्याला दाराच्या चौकटीला उभं करून खांद्याजवळ मार्किंगच्या खडूची रेघ. त्या रेघांच्या वर, माझ्या अर्ध्या पोटरीला येईल एवढ्या उंचीवर, मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक जाड रेघ मारून ठेवली होती. "हा थांबा," ते म्हणत. "इथे गाडी थांबणार."

काकू हे सगळं दारामागून बघत. अंतर राखून.

आणि मग मास्तरांनी बंडी शिवली. थंडी पडली होती, इंच्या सकाळी कुडकुडायचा. गणवेशाच्या उरलेल्या कापडाचं गाठोडं काकूंनी काढून दिलं, त्यातला निळ्या पँटचा तुकडा मास्तरांनी निवडला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, मशीन बरीच वर्षं झाकलेली, तरी दोन दुपारी बसून पूर्ण केली. पोटाखाली तीन बटणं. मी सहज उलटी करून पाहिली आणि म्हटलं, "मास्तर, मार्जिन?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पूर्ण वाढीच्या मापाची आहे. आत्ता ढगळ होईल, मग बरोब्बर बसेल, आणि मग कायम बसेल. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मार्जिन न ठेवता शिवतोय." ते खुळ्यासारखे हसत होते. ज्याची वाढ शेवटपर्यंत त्यांच्या डोळ्यांसमोर होणार असं पहिलंच पोर होतं ते. मला त्यांचं हसणं बघून बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण रविवारचा आकडा मी वाचत होतो.

इंच्या वाढत होता. बंडी ढगळ होती ती बरोबर बसायला लागली, आणि काटा काही थांबेना. डॉक्टरीणबाईंचं डबल कधीच मागे पडलं. मी आकडा सांगितला की मास्तर म्हणत, "पोट भरलेलं आहे." पुढच्या रविवारी, "लोकर वाढलीय, तिचं वजन." त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी काटाच खोटा ठरवला. चौकटीवरची रेघ थांब्याला टेकली तेव्हा ते म्हणाले की चौकट पावसानं फुगली होती, आता आक्रसली. पण त्यांचा शेवटचा आणि पक्का पुरावा बंडी. ते इंच्याला पाठीवर पाडून बटणं लावत, एक, दोन, तीन, आणि गाणं गुणगुणत माझ्याकडे बघत. "लागलं की नाही बटण? वजन काहीही बोलेल काटेवाले. कापड खोटं बोलत नाही." आणि खरंच बटणं लागत होती. मला काही उलगडा होत नव्हता. कुत्रं डोळ्यांदेखत मोठं होत होतं, आणि मार्जिन नसलेली बंडी त्याला बसत होती. त्या धुक्याच्या दिवसांत मला अधूनमधून वाटून जाई की मास्तर म्हणतात तसंच असेल, आमचेच डोळे चुकत असतील.

एका सकाळी मास्तर जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. मूठ उघडून त्यांनी तांदळाच्या कणीएवढा दात दाखवला. चटईवर सापडला होता. "आजारी तर नसेल?" त्यांनी विचारलं.

आम्ही तसेच दवाखान्यात. या वेळी गर्दी नव्हती आणि डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना न विचारता इंच्याचा जबडा उघडला. "आजारी कशाला? दुधाचे दात पडतायत. पुढचे आत्ता कुठे सुरू झालेत." मग त्या थांबल्या. "काका, तुम्ही सांगितलं होतं त्या हिशोबानं हा आता सहा महिन्यांच्या वर पाहिजे. हे दात चार-साडेचार महिन्यांचे आहेत. तुमच्याकडे आला तेव्हा हा दोन महिन्यांचापण नसणार."

"असं कसं? मला तीन सांगितलेत."

"कुणी?"

मास्तरांनी नाव सांगायला तोंड उघडलं आणि गप्प झाले. मलाही त्याच क्षणी समजलं. गज संपल्यावर चार बोटं वर सोडणारा माणूस. कापडवाल्यानं आपल्या सवयीनं वयातही थोडं वरचं घालून दिलं होतं, प्रेमानं. आणि आयुष्यभर त्याच्याकडून ते जास्तीचं कापड घेणाऱ्या मास्तरांना ही चार बोटं वजा करायचं सुचलं नव्हतं.

"म्हणजे डबल जे केलं ते..." मी म्हणालो.

"चुकीच्या वजनाचं केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हा टॉय वगैरे नाहीये. आपला साधा स्पिट्झ आहे. अजून बराच वाढेल. पण छान आहे हो काका, एकदम तंदुरुस्त."

मास्तर घराकडे चालू लागले. इंच्या त्यांच्या शालीत होता, त्याची शेपटी बाहेर राहिली होती. घराजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "शब्द दिलाय मी."

त्यांनी कापडवाल्यांना फोन केला. पलीकडून मोठ्या आवाजात, "अरे साईं, भेज दो, घर का बच्चा है," वगैरे ऐकू येत होतं. रविवारी नेऊन पोचवायचं ठरलं. काकूंनी हे सगळं ऐकलं आणि पोळ्या लाटत राहिल्या. मला त्यांचा राग आला. मनात आलं, दोन शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

रविवारी मला हाक आली नाही. मीच खाली गेलो. ओट्यावर काटा नव्हता, परात नव्हती. मास्तर इंच्याला प्रवासासाठी बंडी घालत होते. पहिलं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसऱ्याशी त्यांचा हात थांबला.

"ही बसायलाच नाही पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी बटणं सोडली, बंडी काढली, उलटी केली आणि डोळ्यांजवळ नेली. दिसलं नसावं, कारण मग ते शिवणीवरून बोट फिरवू लागले. काखेखालून कमरेपर्यंत, दोन्ही बाजूंना, त्याच निळ्या कापडाची एकेक पट्टी घातलेली होती. आणि त्या पट्टीत आणखी एक पट्टी, नंतर घातलेली. मशीनची शिलाई नव्हती. हातशिलाई होती, इतक्या बारीक टाक्यांची की आम्ही दोघांनी दर रविवारी ती बंडी हाताळूनही आम्हाला कळलं नव्हतं. असा टाका घालणारं माणूस त्या घरात एकच होतं. ज्या कुत्र्याला काकूंनी कधी बोटही लावलं नव्हतं, त्याचं माप त्या दारामागून नुसतं बघून घेत होत्या.

मास्तर उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी हाक मारली, "अगं."

काकू पदराला हात पुसत दारात आल्या. बंडी उलटी पाहिली आणि खाली बघू लागल्या.

"बटण लागलं की तुम्ही गाणं म्हणायचात," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं मी तुमचं गाणं. मला वाटलं, लागू दे बटण."

"मग त्याला पाठवू नका असं म्हणाली का नाहीस? तीन दिवस मी..."

"भीती वाटते मला. आत्तापण वाटते." काकू दारातूनच म्हणाल्या. "ती गेलेली नाही माझी. पण तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का? शब्द दिला, शब्द दिला. मांडीचं माप घेतलंत का?"

मास्तरांचा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. माझ्याकडे बघत होते. मी कसला काटेवाला, असलं माप मी तरी कुठे घेतलं होतं?

काकूंनी ओट्यावर फतकल मारली. साडी गुडघ्यांवरून ओढून नीट पसरली, जमेल तेवढी रुंद. मग डोळे घट्ट मिटून घेतले आणि दोन्ही हात छातीशी आवळून धरले.

"आणा इकडे."

मास्तरांनी इंच्याला उचललं. मी खालून आधार दिला. आम्ही त्याला अलगद काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आलेला मला दंडावर दिसला. इंच्यानं त्यांच्या साडीचा वास घेतला, एक गिरकी घेतली, पुन्हा एक घेतली आणि अंग टाकून दिलं. डोकं एका गुडघ्यावर. मागचे दोन्ही पाय आणि सगळी शेपटी दुसऱ्या बाजूनं ओट्यावर लोंबत होती.

मास्तरांनी ते लोंबणारे पाय पाहिले. आयुष्यात कुणाला खोटं माप सांगितलेलं नव्हतं त्यांनी. ते म्हणाले, "बाहेर जातोय गं."

काकूंनी छातीवरचा एक हात सोडवला. डोळे मिटलेलेच. तो हात चाचपडत खाली आला, इंच्याच्या पाठीवर टेकला, दचकून उचलला गेला आणि परत टेकला.

"मांडी माझी आहे," त्या म्हणाल्या. "मावतो की नाही ते मी सांगणार."